घाट चढलेले

घाटाच्या तिसऱ्या वळणावर मागून हॉर्न वाजला तेव्हा दामिनीनं वळून न बघताच सायकल कडेला घेतली. हॉर्न ओळखीचा होता. तिच्या नवऱ्याच्या, राजूच्या पिकअपचा.

गाडी थोडी पुढं जाऊन थांबली. पांढुर्ण्याची संत्री भरून राजू छिंदवाड्याच्या मंडईत निघाला होता. खिडकीतून मान काढून तो हसला. हे हसू तिला पाठ होतं. सायकलफेरीत नाव दिल्यापासून ते रोज त्यांच्यासोबत जेवायला बसायचं. दारात मोटरसायकल उभी असताना बायकोनं चार दिवस डोंगरदऱ्यांतून सायकल रेटत हिंडायचं, परक्या गावच्या शाळेत निजायचं, हे चारचौघांत सांगायची राजूला लाज वाटे. लोधीखेड्याच्या शाळेत पोरींना कबड्डी शिकवते तेवढं पुरे नाही का, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा.

फेरी पांढुर्ण्यातून निघाली होती. जाम नदीच्या काठानं, वेचणीला आलेल्या कापसातून, कन्हान ओलांडून आता सातपुड्याच्या माळावर चढायचं होतं. नियम एकच. सामान आपलं, पाय आपले. थकलं तर थांबावं, नाहीच जमलं तर सांगून घरी जावं. गाडीत बसून पुढं जाऊ नये.

"टाक सायकल मागं," राजू म्हणाला. "वर सोडून देतो. कोन पाहून राहिलं इथं?"

ती काही बोलायच्या आत मागची ताडपत्री हलली आणि बाजूला झाली. संत्र्याच्या कॅरेटांमध्ये, मागच्या रस्त्याकडे तोंड करून श्रीकांत बसला होता. नागपूरचा, फेरीत सगळ्यांच्या पुढं असणारा श्रीकांत. त्याची चकचकीत सायकल कॅरेटांवर आडवी पडली होती आणि मांडीवर संत्र्याच्या सालींचा ढीग होता.

कालच सौंसरच्या मुक्कामी चहा पिताना या माणसानं दामिनीच्या सायकलकडे, तिनं घरीच शिवलेल्या पिशव्यांकडे बोट दाखवून सगळ्यांना समजावलं होतं. खेड्यातली माणसं सायकल चालवतात ती नाइलाजानं, आपण चालवतो ती मनाच्या बळावर. लोकांनी माना डोलावल्या होत्या. दामिनीनंही थोडी डोलावली होती.

आता तो सांगू लागला, की घाटाच्या पायथ्याशीच पोटरीत असा गोळा आला, जमिनीवर पाय टेकवेना. सांगता सांगता तो चांगला दोन्ही पायांवर उभा राहिला आणि तिची सायकल वर घ्यायला वाकला. शेवटच्या वळणाआधी उतरू, दोघं बरोबरच पोचलो म्हणू, तुमचंही नाव होईल, असं त्याचं म्हणणं पडलं. हे तो उपकार केल्यासारखं बोलत होता.

"एवढा मोठा मानूस बसला," राजू म्हणाला. "तुलेच काय शिंगं फुटले?"

दामिनीनं दोघांकडे पाहिलं. राजूचा तिला आजवर राग यायचा. श्रीकांतचा कालपासून धाक वाटत होता. त्यातलं एकही आता सापडेना. तांदूळ निवडताना अळी दिसली, तर तिच्यावर कुणी रागावत नाही. बोटानं उडवतात आणि पुढचे दाणे पाहतात.

"हात काढा," ती म्हणाली.

श्रीकांतनं तिच्या हँडलवरचा हात काढला.

मग ती राजूकडे वळली. "कोन पाहून राहिलं म्हनता ना? मी पाहून राहिली."

आणि ती खरंच पाहत उभी राहिली. श्रीकांत खाली बसला. थोडा वेळ त्यानं इकडं तिकडं पाहिलं, मग दोन्ही हातांनी ताडपत्री ओढून डोक्यावरून घेतली. राजूनं गिअर टाकला. गाडी धूर सोडत वळणाआड गेली.

पुढचा चढ वाईट होता. दोनदा ती उतरली आणि सायकल ढकलत चालली. चालायला नियमाची मनाई नव्हती. एकदा सागाखाली बसून रडलीही. पायांसाठी रडली की अकरा वर्षं ज्याच्या हसण्याला भीत आली त्या माणसासाठी, हे तिला कळलं नाही. मग उठून पाणी प्याली आणि निघाली.

ऊन कलताना ती माळावरच्या शाळेत पोचली. बरेच जण आधीच आले होते. व्हरांड्यात श्रीकांत खुर्चीवर बसून घाटाची हकिगत सांगत होता. दम कुठं कोंडला, मनानं पायांना कसं हाकलं. चार-पाच जण घोळका करून ऐकत होते. घोळक्यात राजूही होता. मंडईची वेळ मोडून तो थांबला होता, सगळ्यांना संत्री वाटत होता, आणि जिथं तिथं मान हलवून श्रीकांतच्या बोलण्याला हो म्हणत होता.

दामिनीला पाहून श्रीकांत अडखळला. लगेच सावरला, उठला, खुर्ची तिच्याकडे सरकवून बसा म्हणाला. राजूनं संत्रं पुढं केलं. तिनं ना खुर्ची घेतली ना संत्रं. भिंतीला सायकल टेकवून ती पायरीवर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली.

फेरी काढणाऱ्या वंदनाताई तिच्याजवळ आल्या. आल्यागेल्या प्रत्येकाची त्या मायेनं विचारपूस करायच्या. घाट कसा वाटला, असं त्यांनी विचारलं.

"यायलेच इचारा, ताई," नाडी सोडता सोडता मानेनंच श्रीकांतकडे दाखवत दामिनी म्हणाली. "मी तं समोर पाहून चढली. यायनं मागं तोंड करून सारा घाट पाह्यला."