भिंतीकडे तोंड

शिरीषचं दिवसकार्य उरकलं आणि त्याची बायको वृंदा पुन्हा कॉलेजात वेदान्त शिकवायला गेली. पहिल्याच तासाला एका मुलीनं विचारलं, "मॅडम, निर्गुण ब्रह्माला आपलं दुःख कळतं का?"

"कळणं हाही गुणच झाला," वृंदा म्हणाली. "ब्रह्म गुणांपलीकडे आहे." उत्तर बरोबर होतं. नवरा गेल्यापासून तिचं सगळं असंच बरोबर चाललं होतं. डोळ्यांत पाणी तेवढं आलं नव्हतं.

घरी आली तर सासूबाई देवघरापुढे बसलेल्या. रोज न्हाऊमाखू घालून ज्याला लोणीसाखर भरवायच्या, तो रांगता बाळकृष्ण त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

"माई, हे काय?"

"आज नैवेद्य नाही त्याला. माझं लेकरू नेलं आणि हा आपला लोणी खात बसलाय! सकाळपासून बोलतेय त्याला." त्यांचा घसा बसला होता, रडून रडून चेहरा सुजला होता.

वृंदा बघत राहिली. तिच्या ब्रह्माला तोंडच नव्हतं, मग ते फिरवायचं कुणीकडे? आयुष्यात पहिल्यांदा तिला माईंचा हेवा वाटला. ती त्यांच्याशेजारी टेकली.

"मी बोलू का त्याला काही?"

"बोल की. सोडू नकोस."

वृंदानं तोंड उघडलं. बराच वेळ गेला, पण शब्द काही फुटेना. माईंनी तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"राहू दे. उद्या बोल," त्या म्हणाल्या. "तो कुठं जातोय?"