वरचा थर

पाहुणे यायच्या आत रानात गाळ पसरून व्हायला हवा होता. कस्तुराबाईनं पदर खोचला आणि तलावातून आणलेली काळीभोर माती फावड्यानं ओढायला लागली.

"आई, हे खोटं किती दिवस टिकंल?" हरिओम म्हणाला.

"अक्षता पडंस्तोवर टिकलं तरी बास. पुढचं मी अन माझी सून बघू."

उसाला वर्षानुवर्षं पाटाचं पाणी पाजलं आणि किल्लारीजवळचं हे रान हळूहळू पांढरं पडलं. मीठ फुटलं. ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा, सोयाबीन तर उगवायचंच नाही. दोन ठिकाणचे पाहुणे बांधावरूनच माघारी गेले होते. हरिओम म्हणजे भूकंपात ढिगाऱ्याखालून उकरून काढलेलं तिचं तान्हं लेकरू. आता त्याच्याही केसांत पांढरं दिसायला लागलं होतं.

दुपारी मुलीचे वडील ग्यानोबा आले. सोबत सोयरीक जुळवणारा मडिवाळप्पा. ग्यानोबांनी वाकून मूठभर माती उचलली, चोळली, हुंगली.

"काळी हाय की," ग्यानोबा म्हणाले.

"लोण्यावाणी हाय, दादा. टाकलं की उगवतंय."

"मग पोरगं रान सोडून कुठं जायचं न्हाई म्हणा."

"कशाला जाईल? ह्याच मातीत म्हातारं व्हईल."

हरिओम काहीतरी बोलणार होता. तिनं त्याला पोह्यांचं सांगायला घरी पिटाळलं.

ग्यानोबा पोह्यांना थांबले. लेक दीपमाला बारावी झालीय, तिच्या हाताला लई चव हाय, असं कौतुकानं सांगत राहिले. कस्तुराबाईनं मनातल्या मनात मांडवसुद्धा घातला. त्या रात्री कितीतरी दिवसांनी तिला शांत झोप लागली.

पुढच्या आठवड्यात मडिवाळप्पा एकटाच आला. पायरीवरच टेकला. पाणी घेतलं नाही.

"न्हाई जमलं, वैनी."

"आता काय झालं? पोराचं वय काढलं का?"

"न्हाई. पोरगा आवडला व्हता."

"मग? माती तर हातात घेऊन बघितली की त्यांनी!"

"त्या मातीनंच घात केला. दीपमालाला लातूरला शिकवणीच्या पोरांची मेस टाकायचीय. चांगलं पिकणारं रान असलं की नवरा गाव सोडत न्हाई, म्हणती. ज्याच्या रानात मीठ फुटलंय असाच पोरगा बघा म्हणाली. तसाच बघितला त्यांनी. काल सुपारी फुटली."