आपोआप पडणारं फाटक

“थांब. फाटक उघडं हाय.”

लकव्यानं व्यंकटीची जीभ जड झाली होती, पण हे शब्द स्वच्छ आले. सगळी नोकरी रेल्वेच्या फाटकावर गेलेली. हे शब्द त्याच्या हाडात मुरले होते. त्याच्या लेकीनं, बुद्धप्रियानं, बटणावरचा हात मागं घेतला. समोर दिवाणावर प्लायवूड टाकलेलं, त्यावर गोल रूळ आणि रुळांवर टिनाची जुनी जर्मन आगगाडी. खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्यानं मांडीवरचा उजवा हात उचलला. तो लटलटत पुढं गेला, चुकला, पुन्हा चुकला. अखेर फाटकाचा बोटाएवढा दांडा खाली आला.

“हां. सोड आता.”

गाडी फाटकातून पुढं गेली. दाराशी उभी असलेली त्याची बायको कोंडाबाई त्या हाताकडंच बघत होती. हलवला नाही तर हात कायमचा जाईल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. त्यासाठी दिलेला रबरी चेंडू व्यंकटीनं डाव्या हातानं मोरीत भिरकावला होता. “मी काय लेकरू हाय का, चेंडू खेळायला?”

खरं तर हे फाटक हातानं पाडायचं नव्हतंच. गाडीच्या वजनानं रुळाखालची पट्टी दबली की ते आपोआप पडायचं आणि गाडी गेली की उठायचं. पण खेळणं जुनं, आतली तार जळालेली. हैदराबादच्या जुन्या बाजारातून बुद्धप्रियानं ते बापासाठी हौसेनं आणलं होतं, आणि ते असं अर्धवट चाललेलं तिला बघवेना. आयटीआयमध्ये वायरिंग शिकवणारी बाई ती. दिव्याखाली अंधार कसा चालेल?

रविवारी जेवणं झाल्यावर ती पदर खोचून बसली. नवी तार गुंडाळली, पट्टीचा गंज खरवडला, सोल्डर मारलं.

“बाबा, आता बघा गंमत.”

गाडी फाटकाजवळ आली आणि दांडा खटकन खाली. गाडी गेली, दांडा वर. बुद्धप्रिया अशी खूश झाली की तिनं आणखी एक फेरी मारली, मग आणखी एक. फाटक एकदाही चुकलं नाही.

व्यंकटीचा हात पहिल्या फेरीला अर्ध्यावर गेला होता. तिथूनच तो मागं आला आणि मांडीवर पडून राहिला.

“चांगलं झालं,” तो म्हणाला. “मला आत न्या.”

“का ओ बाबा? आत्ताशी तर सुरू झालंय.”

“आता माजं काय काम हाय?”

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. कोंडाबाई त्याला उठवायला खुर्चीमागं आली. लेकीला हळूच म्हणाली, “ह्यांचं औशाकडलं फाटक काढून रुळाखालून रस्ता केला, तवा बी आसंच म्हणले व्हते. मंग लई दिवस घराबाहीर पडले न्हाईत.”

बुद्धप्रियानं मांडीवर पडलेल्या त्या हाताकडं पाहिलं. हात चांगला असलेल्या माणसाची ही खोडच असते. दिसलं बिघडलेलं की कर दुरुस्त. ते तसंच कुणाच्या उपयोगी पडतंय का, हे बघायचं राहून जातं.

तिनं चिमट्यात नवी तार धरली. क्षणभर थांबली, दुपारभराची मेहनत होती. मग हिसडा दिला.

“बाबा, फाटक पडत नाहीये. आता गाडी कशी सोडू?”

व्यंकटीनं मान वळवली. आधी सुटलेल्या तारेकडं पाहिलं, मग लेकीकडं. 

“थांब,” तो म्हणाला. “आधी फाटक.”

उजवा हात लटलटत पुढं गेला. दांडा खाली आला, आणि तो त्यानं तसाच दाबून धरला. डावा हात बाजूला काहीतरी चाचपू लागला. कोंडाबाईच्या हिरव्या लुगड्याचा पदर त्याच्या हाती लागला. तो त्यानं येणाऱ्या गाडीला दिसेल असा, झेंडीसारखा, ताणून बाहेर धरला.

“सोड.”

गाडी पुढं निघून जाईपर्यंत कोंडाबाई जागची हलली नाही.