राखणदाराची साक्ष

मुखरूने इकडेतिकडे पाहिलं आणि मैदानाकडेला पडलेल्या क्वेकूच्या बॅगेची चेन हळूच उघडली. आत मासे नव्हते. मोजे होते, टॉवेल होता, आणि वास मात्र असा की मेलेल्या मरळ माशाने लाजावं.

या बॅगेच्या मागे तो चिंचबोडीहून पोंभुर्ण्यापर्यंत भर उन्हात सायकल हाणत आला होता. चिंचबोडीच्या तलावातले मासे उन्हाळाभर चोरीला जात होते. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष पत्रूभाऊ यांनी राखणदार मुखरूला तंबी दिली होती: चोर दाखव, नाहीतर काठी ठेव आणि घरी बस. त्या परदेशी पोट्ट्यांवर नजर ठेव, हेही त्यांनीच सुचवलं होतं.

परदेशी म्हणजे क्वेकू आणि त्याचे दोन दोस्त. तिघंही आफ्रिकेतल्या घाना देशाचे. खाणीच्या ठेकेदाराकडे मोठाली यंत्रं दुरुस्त करायला आले आणि गावात खोली घेऊन राहिले. तलावाच्या आटलेल्या भागावर त्यांनी फुटबॉल सुरू केला, गावची पोरं जमवली, क्लब काढला आणि त्याला नाव दिलं चिंचबोडी क्लब. इथेच मुखरूच्या मनात पाल चुकचुकली. आपल्या देशाचं सोडून आमच्या गावाचं नाव कोण लावतो? काही लपवायचं असल्याशिवाय?

आज पोंभुर्ण्याच्या स्पर्धेत क्लबचा अंतिम सामना होता. मुखरूने चेन लावली न लावली तोच मैदानात गलका झाला. चामोर्शीच्या संघाचा कॅप्टन धनराज आयोजक नवाबभाईंसमोर हातवारे करत होता.

"हे तिघं नागपूरवरून भाड्यानं आणले हाये. नियम काय हाये? गावात राह्यते तोच खेळन."

क्वेकूने मोबाइलवर कसलासा कागद दाखवला. नवाबभाईंनी तिकडे पाहिलंही नाही.

"कागदाचं काय, कागद कोणताबी बनते. तुमच्या संघातला नाई, असा गावचा माणूस उभा करा. तो म्हणन तं खेळा."

घरमालकीण गुलाबबाई नेमकी लग्नाला गेली होती. चिंचबोडीहून सामना बघायला आलेली माणसं खुर्च्यांवर चुळबुळ करू लागली. परक्यासाठी कोण नसती आफत ओढवून घेतो? पत्रूभाऊ म्हणाले, "आमी आपले आपल्या कामात. कोण कुठी राह्यते, आमाले काय ठावं?"

तेवढ्यात क्लबचा गोलकीपर स्वप्निल ओरडला, "मुखरूकाकाले इचारा ना! ते रोजच पाह्यते आमाले."

सगळ्या माना वळल्या. मुखरूला पळायलाही जागा उरली नाही. पण मनातून त्याला बरंच वाटलं. एकदा 'नाही' म्हटलं की झालं. तिघांची शोभा होणार, क्लब बुडणार, तलाव मोकळा होणार. त्याने तोंड उघडलं. पण जन्मभर राखण केलेला माणूस तो, जे पाहिलं होतं तेच बाहेर पडलं.

"राह्यते. गुलाबबाईच्या मांगच्या खोलीत. पोळ्याच्या आंधीपासून. हा क्वेकू सकाळी ओट्यावर बसून दात घासते आन् तिच्या बकरीसंग बोलते. हा उंचवाला तिखट आपल्यापेक्षा जास्त खाते. त्या तिसऱ्याले दिवाळीत मलेरिया झाला होता. ऐतवारी मायले फोन करते तं अख्ख्या गल्लीले आयकू येते. रातच्याले तिघंबी छपरीत झोपते. क्वेकू घोरते."

लोक खो खो हसले. नवाबभाईंनी कपाळावरचा घाम पुसला.

"एवढं तं मले माह्या जावयाचंबी ठावं नाई. तुमचे कोण लागते हे?"

"कोणी नाई लागत. माहा भरोसाच नाई ह्याइच्यावर. म्हणून तं पाह्यतो."

"आयकलं का?" धनराज उसळला. "हाच बुढा मघाशी रसाच्या ठेल्यावर सांगत होता, हे तलावातले मासे चोरते म्हणून. चोराइले खेळवता का?"

हसणं थांबलं. क्वेकूला एवढं मराठी समजत होतं. त्याने मान खाली घातली नाही, चिडला नाही, नुसता मुखरूकडे बघत राहिला. मुखरूला लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. हे चोर नाहीत म्हटलं तर दाखवायला दुसरा चोर त्याच्याकडे नव्हता, आणि काठी गेली की घरची चूल कशावर पेटणार?

"चोरत नाई," तो शेवटी म्हणाला. "चोरलं असतं तं मले दिसलं असतं. रोज रातच्याले मी ह्याइच्याच खोलीपाशी असतो. तलावावर थोडीच असतो."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. त्याने जीभ चावली.

नवाबभाईंनी शिट्टी रेफरीच्या हातात दिली. "खेळू द्या."

जाताजाता क्वेकू म्हणाला, "थँक्यू, काका."

"जा, खेळ गुमान," मुखरू खेकसला.

सामना सुरू झाला. सगळे डोळे चेंडूमागे धावू लागले. मुखरूने मैदानाकडे पाठ केली आणि खुर्च्यांवर बसलेली आपल्या गावची माणसं बघायला लागला. सगळी ओळखीची, अर्धी सोयऱ्यांतली. अख्ख्या उन्हाळ्यात त्याने यांच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

मैदानात गोल झाला. खुर्च्यांवरची माणसं ओरडत उभी राहिली. पत्रूभाऊ तेवढे बसून होते, आणि ते मुखरूकडे बघत होते.