मेव्राउ

हेडफोन पुन्हा बिघडला होता आणि टेना तो टेबलावर आपटत होती.

"आपट, आपट. तुझ्या आईचा आवाज आहे त्यात," लाकडी बुटांवरची धूळ झटकत हार्म म्हणाला.

"म्हणूनच आपटतेय. तिनं कधी ऐकलं माझं?"

दोघंही हसले. आयोवातल्या त्या टीचभर गावाचं संग्रहालय हे दोघंच सांभाळत. हॉलंडहून आलेल्या पूर्वजांच्या पेट्या होत्या, बायबलं होती, निळ्या नक्षीच्या बशा होत्या. पण यंदा हा टेप बसवल्यापासून माणसं थांबायची ती टेनाच्या आईच्या आवाजापाशी. गावात डच बोलणारी तिची आई फेम्मा शेवटची.

टेनाला स्वतःला डच ओ की ठो कळत नव्हतं. "अमेरिकेत आलोय, आता इंग्रजीच," असा बापाचा हुकूम. मुलांपुढे डचमध्ये ब्र काढायचा नाही. आणि झालं काय, तर म्हातारपणी आईला मेंदूचा झटका आला आणि नेमकी तिची इंग्रजीच पुसली गेली. घ्या आता! टेना रोज शुश्रूषागृहात जायची, चर्चमध्ये देतात तसली पांढरी पेपरमिंटची गोळी तिच्या हातावर ठेवायची. आई तिचा हात धरून दरवेळी तेच काहीतरी हेल काढून म्हणायची. टेना नुसती मान डोलवायची. दुसरं करणार तरी काय? एकदा तिनं ते बोलणं टेप करून घेतलं, तोच हा टेप.

पण त्यात 'टेना' असायचं. आणि सुरुवातीला 'मेव्राउ'. 'व्राउ' म्हणजे बाई, एवढं तर गावात कुणालाही ठाऊक. मग 'मे-व्राउ' म्हणजे 'माझी बाय ती', हा अर्थ हार्मनं लावून दिला. अंगाईच असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आता तो शब्द पाटीवर होता, विकायच्या उशांवरही भरला होता.

आईनं जन्मात कधी लाडानं हाक मारली नव्हती. ती एवढी एकदा मारली, म्हणून टेना तो टेप जिवापाड जपायची. बाकीचे शब्द तेवढे कळायला हवे होते. आईला जाऊन वर्ष झालं, तरी ही रुखरुख काही जात नव्हती.

ट्यूलिपच्या जत्रेला हॉलंडहून पाहुण्यांची बस आली. त्यातल्या आन्नेके नावाच्या म्हातारीनं हेडफोन लावला. टेना काउंटरमागे श्वास रोखून उभी राहिली.

म्हातारीनं टेप दोनदा ऐकला. मग हेडफोन काढून डोळे पुसले.

"गोड आहे ना अंगाई?" हार्मनं विचारलं.

"अंगाई?" तिनं पाटीकडे पाहिलं. "अहो, मेव्राउ म्हणजे बाईसाहेब. परक्या बाईला म्हणतो आम्ही."



"मग... म्हणतेय काय ती?" टेनानं विचारलं.

"समोर कुणी नर्स असावी. तिला म्हणताहेत, बाईसाहेब, तुम्ही रोज येता, गोळी देता, उपकार आहेत तुमचे. पण माझ्या टेनाला तेवढा निरोप द्या. लेक आहे माझी. रागावली असेल, म्हणून येत नाही."

टेना काउंटरची कड धरून उभी होती. म्हातारी तिच्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "मग आली का हो ती शेवटी?"