पेवात उडी

सिद्धप्पाला भिंतीला टेकवून बसवलं होतं. अंगाला भस्म, गळ्यात लिंग, आणि डोक्यामागची जखम झाकायला बांधलेलं पांढरं फडकं. आता उचलायचा तेवढा बाकी होता, इतक्यात उद्धवराव जमादार अंगणात शिरला. मांजरा नदी दुथडी भरून वाहत होती आणि चार दिवस गावात बाहेरचं कुत्रंही आलेलं नव्हतं. जमादार मात्र भोपळ्यांच्या सांगडीवरून पलीकडून आला होता. कमरेपर्यंत भिजला होता, पण मिशांचा पीळ कोरडा होता. निजामाचं राज्य गेलं, अंगावरचा पट्टा बदलला, त्याची ऐट काही बदलली नव्हती.

"पेवाच्या हवेनं गेला," गावाने एका सुरात सांगितलं.

यात न पटण्यासारखं काही नव्हतं. पेव म्हणजे ज्वारी साठवायची जमिनीतली खोल कोठी. महिनोन् महिने तोंड बंद असलं की आत हवा कोंडते आणि उतरलेल्या माणसाला उभ्या उभ्या आडवं करते. म्हणून पेव उघडलं की एक दिवस तसंच सोडायचं, मग दोरीने दिवा खाली सोडून बघायचा. दिवा तगला तरच माणूस उतरतो. या भागात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

धाकटा भाऊ अमृतप्पा पुढे झाला. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

"काल सकाळी अण्णानं पेव उघडलं अन् तसाच उतरला, जमादार. मी मागनं आलो तर खाली पडलेला. इचार केला न्हाई, टाकली उडी. पडताना त्याला दगड लागला हुता. उचलून वर दिला, पर जीव न्हवता."

खरं सांगायचं तर गावाला त्याचा अभिमान वाटत होता. सख्ख्या भावासाठी मरणात उडी टाकणारा माणूस रोज कुठे बघायला मिळतो? बसवण्णानेच वाचवला, असं जो तो म्हणत होता. त्याची आई मल्लव्वा तर कालपासून त्याला नजरेआड होऊ देत नव्हती. एक लेक घरात मेलेला असताना म्हातारीने दुसऱ्याची दृष्ट काढली होती.

तेवढ्यात दानम्मा, सिद्धप्पाची बायको, उंबऱ्याबाहेर आली.

"दिवा सोडल्याबिगर ह्ये पेवात पाय घालत न्हवते," ती म्हणाली. "दर साली दिवा मीच लावून देते. काल मला कुणी दिवा मागितला न्हाई."

"दुःखानं डोकं फिरलंय तिचं," कुणीतरी पुटपुटलं.

"डोकं ठिकाणावर हाय माजं. पुढच्या अमावस्येला दोघा भावांची वाटणी व्हायची हुती. आता वाटणी न्हाई न् काय न्हाई. आज माती पडली की जन्मभर मला ह्याच्याच घरात भाकरी थापायची हाय, लेकीला घिऊन. जमादार, खरं काय त्ये मातीच्या आदी सांगा."

गावाला हे मुळीच आवडलं नाही. माती द्यायला आलेले स्वामी तर खड्ड्यापाशी केव्हाचे ताटकळत होते. जमादाराने मात्र मिशीवर बोट फिरवलं. त्याला उत्तर सापडलं होतं आणि ते लपवण्याइतका तो सभ्य नव्हता.

"घरचं दुसरं पेव हाय का?"

"हाय की. त्याच्याच बाजूला," अमृतप्पा म्हणाला.

"उघडा."

दोघांनी माती ओढली, दगडी झाकण सरकवलं. आतून आंबूस, गरम वास वर आला. उघडणारे दोघंही उपरण्याने नाक झाकून झटकन मागे सरले.

"उतर, अमृतप्पा," जमादार म्हणाला. "दोन मुठी ज्वारी घिऊन ये."

अमृतप्पा हसला. "असं कसं उतरायचं? दिवा सोडाय पायजे आदी." आणि सवयीने त्याने घराकडे हाक दिली, "कंदील आणा गं!"

कंदील दानम्मानेच आणला. जमादाराने तो स्वतः दोरीला बांधून आत सोडला. दोन पुरुष खाली गेला नसेल, ज्योत बारीक झाली आणि विझली.

"काल सोडला हुतास का दिवा?"

"काल... काल घाई हुती. अण्णा आत हुता."

"हवा वाईट असंल तर तू जित्ता वर कसा आलास? अन् हवा चांगली असंल तर अण्णा कशानं मेला?" जमादाराने दोरी गुंडाळत विचारलं. "त्ये पेव कुणीतरी आदल्या दिवशीच उघडून ठिवलं हुतं. त्याला ठावं हुतं, आपल्याला आत उतरायचं हाय. अन् अण्णाला आपणच खाली टाकायचाय."

कालपासून पाठ थोपटणारे हात आपापल्या उपरण्यांशी चाळा करत राहिले. अमृतप्पाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. प्रत्येकाची नजर पेवाच्या उघड्या तोंडावर होती. शेवटी तो आईकडे वळला.

"अव्वा, तू तरी सांग ह्यास्नी."

मल्लव्वा काठी टेकत पेवाच्या काठापर्यंत आली. आत वाकून बघितलं. मग लेकाकडे बघितलं, बराच वेळ.

"उतर की रे," ती म्हणाली. "काल अण्णासाठी उतरलास. आज माज्यासाठी उतर."