अर्जाचं दुसरं पान

लेकीला भूगोलाच्या पुढच्या शिक्षणासाठी परदेशात जायचं होतं आणि बाबांना त्यात काहीतरी काळंबेरं दिसत होतं. नगररचना कार्यालयात तीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस. रेघ केसभर हलली तरी त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. हल्ली ते खोलीत आले की ती चटकन लॅपटॉप मिटायची.

"तिकडेच का?" त्यांनी जेवताना विचारलं.

"तिथे पुराचा अभ्यास चांगला होतो, बाबा."

"पूर काय इथे येत नाहीत?"

ती ताटातच बघत राहिली. "येतात ना."

"कोणीतरी मुलगा असणार," ते नंतर आईला म्हणाले. "कुठेतरी पाणी मुरतंय, सांगून ठेवतो."

"तुम्हाला तर दूधवाल्याच्या मापाचाही संशय येतो," आई म्हणाली.

सकाळी लेक आंघोळीला गेली तशी त्यांनी टेबलावरचा तिचा अर्ज उचलला. दुसऱ्या पानावर प्रश्न होता, 'हाच विषय का निवडला?' त्या मुलाचं नाव शोधत ते तिचं उत्तर वाचू लागले.

'आमच्या शहराच्या नकाशात पूररेषा नदीकाठाने नीट येते आणि एका बिल्डरच्या जमिनीपाशी मुकाट्याने वळसा घेते. गेल्या पुरात तिथल्याच इमारतीत माझी मैत्रीण बुडाली. रेषा का वळली, हे घरात विचारायचं मला धाडस झालं नाही.

त्या नकाशाखाली जी सही आहे, तीच माझ्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर आहे.'